किल्ला जगाच्या यादीत, गावाचे कागद मात्र ट्रंकेत

११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले दोन आपल्या जिल्ह्यातले, मालवणचा सिंधुदुर्ग आणि देवगड तालुक्यातला विजयदुर्ग. सिंधुदुर्ग बेटावर आहे, पण विजयदुर्गात गाव थेट किल्ल्याला लागून आहे. त्यामुळे "आता आमच्या घरांचा काय?" हा प्रश्न इथे सहज निघतो.

किल्ल्याचा इतिहास शाळकरी पोरंही सांगतात. शिवाजी महाराजांनी तो आदिलशहाकडून घेतला, पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं ते मोठं ठाणं झालं. १७५६ मध्ये इंग्रज आणि पेशव्यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांना हरवलं, मग धुळप आले आणि १८१८ मध्ये इंग्रज. पण आरमार काही एकट्या सरदारावर चालत नाही. तांडेल, खलाशी, सुतार, लोहार अशी किती घराणी त्यावर जगली! वाघोटणच्या खाडीत गिर्ये इथे गलबतं दुरुस्त करायची गोदी होती, तिथे राबलेल्यांची नावं कुणी लिहून ठेवलीत? नंतर मुंबईची आगबोट बंदराला लागायची, चाकरमानी होडीतून किनाऱ्यावर उतरायचे. रस्ते झाले, बोट बंद पडली. राहिली ती "आमचो आजो तांडेल होतो" एवढीच आठवण.

ही आठवण नुसती गप्पांची गोष्ट नाही, आणि मुद्दा इथेच आहे. किल्ला आधीपासून केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या कायदा दुरुस्तीनुसार स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. म्हणजे हा नियम युनेस्कोने आणलेला नाही, तो आधीचाच आहे. १०० मीटरच्या आतल्या जुन्या घराची दुरुस्ती करायची तर अर्ज करता येतो. पण ते घर १६ जून १९९२ च्या आधीचं असलं पाहिजे, नाहीतर नंतर रीतसर मंजुरी घेऊन बांधलेलं.

आता हे सिद्ध कशाने करणार? घर आजोबांच्या नावावर, वारस मुंबईत, घरपट्टीच्या पावत्या कुणाकडे ते माहीत नाही. वाटणीपत्र ट्रंकेत, ते मोडीत असेल तर घरात वाचणारं कुणी नाही. वाळवी आणि पावसाळी ओल मात्र दरवर्षी येते. कौलं बदलायची वेळ आली की मग धावाधाव.

म्हणून काम सोपं आहे, पण आताच करायला हवं. ग्रामपंचायतीने आकारणीच्या जुन्या नोंदवह्या स्कॅन करून ठेवाव्यात. प्रत्येक घराने खरेदीखत, पावत्या, जुने फोटो यांच्या प्रती काढाव्यात आणि वारसनोंदी पूर्ण कराव्यात. गणपतीला सगळे गावात असतात, तेव्हाच म्हाताऱ्या माणसांसमोर मोबाईल धरून घराण्याची, होडीची, बंदराची माहिती रेकॉर्ड करावी.

पर्यटक येतील, तट बघून जातील. गावाला इथेच राहायचं आहे, आणि त्यासाठी आपला इतिहास कागदावर लागणार आहे.