वाघ मोजता येतो, मग माणूस का मोजला जात नाही?

मोजणी कशी करावी हे सरकारला कळत नाही, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. सरकारला ते उत्तम कळते. पुरावा हवा असेल तर व्याघ्रगणना पाहा. २०१८ च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले. त्यांनी सुमारे साडेतीन कोटी छायाचित्रे टिपली आणि अंगावरच्या पट्ट्यांवरून २,४६१ वाघ ओळखले गेले. पण जाहीर झालेला अंदाज होता २,९६७. म्हणजे सुमारे पाचशे वाघांचा एकही फोटो नव्हता, तरी त्यांना हिशेबात धरले गेले. कॅमेऱ्यात आले नाहीत म्हणून ते जंगलात नाहीत, असे कोणी म्हटले नाही.

ही थाप नव्हती, हे शास्त्र आहे आणि आपल्या तरुणांनी ते नीट समजून घेतले पाहिजे. २००२ साली अमेरिकेत मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला. तळ्याकाठी गेलो आणि बेडकाचा आवाज आला नाही, तर त्या तळ्यात बेडूक नाही असे लिहायचे का? त्यांचे उत्तर होते, नाही. बेडूक असूनही त्या वेळी गप्प असू शकतो. म्हणून त्याच जागी पुन्हा पुन्हा जायचे आणि 'असूनही न सापडण्याची' शक्यता किती हे त्या फेऱ्यांवरूनच काढायचे. समजा, एका फेरीत प्राणी सापडण्याची शक्यता शंभरात तीस आहे. एकदाच गेलात तर तो असूनही हुकण्याची शक्यता शंभरात सत्तर. पाच वेळा गेलात तर तीच सुमारे सतरावर येते. जंगलाचा किती भाग एखाद्या प्राण्याने व्यापला आहे, याचा अंदाज आज जगभर या पद्धतीने केला जातो.

इमारतींच्या बाबतीतही हाच धडा आहे. नव्या कार्यालयांत खोलीत माणूस आहे की नाही हे ओळखून दिवे चालू-बंद करणारे सेन्सर असतात. त्यातले बरेचसे सेन्सर हालचाल टिपतात. त्यामुळे खुर्चीत शांत बसून काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यावरचा दिवा विझतो. यंत्राच्या लेखी ती खोली रिकामी असते. म्हणून काही ठिकाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात. माणूस हलला नाही तरी श्वास तर घेतोच!

आता हे शास्त्र बाजूला ठेवून आपल्या वस्तीत या.

२०११ च्या जनगणनेत देशातील बेघरांची मोजणी एका रात्रीत उरकली गेली, २८ फेब्रुवारीच्या. आकडा आला सुमारे पावणेअठरा लाख. पुलाखाली, फलाटावर, बंद दुकानाच्या पायरीवर झोपणारा माणूस पोलिसाच्या काठीला भिऊन रोज जागा बदलतो. त्याला शोधायला एक फेरी? बेडकासाठी अनेक फेऱ्या आणि माणसासाठी एकच रात्र? त्याच जनगणनेत देशात सुमारे अडीच कोटी घरे रिकामी नोंदली गेली, हेही लक्षात ठेवा. रिकामे घर जागा बदलत नाही. ते मोजणीतून सहसा निसटत नाही. निसटतो तो बेघर माणूस.

दुसरे उदाहरण आणखी भयंकर आहे. २०११ च्या घरयादीत इमारतींची नोंद करताना ७,९४,३९० संडास असे आढळले, जिथला मैला माणूस उचलतो. पुढे मैला उचलणाऱ्या माणसांचा शोध २०१३ आणि २०१८ च्या सर्वेक्षणांत घेतला गेला, तेव्हा देशभरात मिळाले ५८,०९८. त्यांपैकी ज्या ४३,७९७ जणांची जात नोंदली गेली, त्यांत ४२,५९४ अनुसूचित जातींचे होते. वाघ समोर दिसला नाही तरी विष्ठा आणि पंजाचा ठसा पाहून वनरक्षक 'वाघ आहे' असे लिहितो. इथे तर आठ लाख संडासांचा ठसा सरकारच्याच दप्तरात पडून होता! मग माणसे गेली कुठे? २०१८ च्या सर्वेक्षणात शिबिरे भरवली आणि लोकांनीच येऊन आपले नाव सांगावे अशी अपेक्षा ठेवली. कायद्याने बंद असलेले, समाजाने लाजिरवाणे ठरवलेले काम 'मी करते' असे सांगायला कोण रांगेत उभी राहील? आली तरी तिचा दावा मान्य करायचा की नाही हे प्रशासन ठरवणार. ही प्रथा चालू असल्याचे कबूल करण्यात ज्याची नामुष्की, त्याच्याच हातात शोधाचे काम! अशा वेळी 'सापडले नाही' याचे 'अस्तित्वात नाही' व्हायला कितीसा वेळ लागतो?

तिसरे उदाहरण जंगलातलेच. वनहक्क कायदा २००६ प्रमाणे १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. पण जो आदिवासी नाही, त्याला त्याआधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा अधिवास सिद्ध करावा लागतो. जंगलावर जगणारी कित्येक दलित कुटुंबे याच गटात येतात. ज्यांच्या आजोबांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांच्याकडे आजोबांचा कागद मागितला जातो! ज्येष्ठांचे जबाब आणि विहिरी, घरांच्या जोत्यांसारख्या खुणा पुरावा म्हणून चालतात, असे नियमांतच लिहिले आहे. वाघाच्या ठशाइतका मान त्या जोत्याला प्रत्यक्षात मिळतो का? उलट व्याघ्रगणनेत तोडलेले लाकूड, गुरांची वाट अशा खुणाही नोंदल्या जातात, पण 'मानवी व्यत्यय' म्हणून. त्याच माणसाची खूण हक्क मागताना अपुरी आणि तक्रार लिहिताना पुरेशी.

म्हणजे व्यवस्थेला आपण दिसतच नाही असे नाही. नागपूर, चंदीगडसारख्या शहरांत सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली गेली. कोण किती वेळ कुठे थांबला, हे साहेबाला बसल्या जागी दिसते. पाळत ठेवायची असेल तेव्हा नजर तीक्ष्ण. हक्क द्यायचे असतील तेव्हा तीच नजर अधू.

हा खेळ नवा नाही. १९३२ साली लोथियन समितीच्या वेळी, संख्येवर प्रतिनिधित्व ठरणार हे दिसताच, संयुक्त प्रांत, बंगाल, बिहारमधून 'आमच्याकडे अस्पृश्य फारसे नाहीतच' असा सूर निघाला. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. त्यांनी हा डाव ओळखला आणि स्वतंत्र टिपण लिहून विरोध नोंदवला. आज राखीव जागेवर 'योग्य उमेदवार सापडला नाही' असा शेरा मारला जातो, तोही त्याच घराण्यातला.

आमचा वाघांशी वाद नाही. सरिस्कात कागदावर वाघ होते आणि २००५ पर्यंत जंगलात एकही उरला नव्हता. त्या फजितीनंतर सरकारने ठशांची जुनी पद्धत टाकून दिली. आकडा खोटा निघाला की पद्धत बदलता येते, हे तेव्हा सिद्ध झाले. मग माणसांच्या बाबतीत ती का बदलू नये?

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने जनगणनेत जातगणना करण्यास मंजुरी दिली. तिच्यासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली. मागणी मान्य झाली म्हणून हार-तुरे घालून घरी बसायचे नाही. आपल्या वस्तीची यादी आपण स्वतः करायची. कुलूप दिसले तर प्रगणक परत कधी येणार, हे विचारायचे. धर्म आणि जातीचा रकाना न विचारता भरू द्यायचा नाही. नाका, ऊसतोडीचा फड, वीटभट्टी, पुलाखालची पाले इथे मोजणी झाली का, हे लेखी मागायचे. आणि जिथे शून्य लिहिले असेल तिथे एकच प्रश्न विचारायचा: किती वेळा शोधले, कोणी शोधले आणि कसे शोधले? याचे उत्तर नसेल तर ते शून्य आम्हाला मान्य नाही.

जय भीम!