राजवाडा आणि पाहुणे

वडोदऱ्याच्या दक्षिण अंगाला असलेल्या मांजलपूर या वस्तीचे नाव गोमंतकीय वाचकांच्या कानावरून फारसे गेलेले नसेल. परंतु ऐतिहासिक वास्तूंचे करायचे काय, या प्रश्नाची तिन्ही उत्तरे एका सकाळीत पाहावयाची असतील तर त्या वस्तीइतकी सोयीची जागा दुसरी नाही. दक्षिणेस मकरपुऱ्याचा राजवाडा आहे. तो वायुदलाच्या ताब्यात असून सामान्य माणसाला तेथे प्रवेश नाही. लालबागेतला प्रतापविलास राजवाडा १९५२ पासून रेल्वेच्या प्रशिक्षणसंस्थेकडे गेला आणि आज त्या आवारात विश्वविद्यालय नांदत आहे. आणि उत्तरेला, सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये पुरा करविलेला लक्ष्मीविलास. येथे राजघराणे आजही राहते आणि वाड्याचा काही भाग तिकीट काढणाऱ्या प्रत्येकास खुला आहे. शहरातला नजरबाग वाडा मात्र पाडला गेला. त्याचे उत्तर मोजण्यात अर्थ नाही.

बंद दारामागे वास्तू टिकते, असे म्हणणारा एक पक्ष आहे. लोकांनी पाहिले नाही तर टिकवायचे कोणासाठी, असे विचारणारा दुसरा. दोघांचेही म्हणणे ऐकताना पटते, आणि म्हणूनच हा वाद वर्षानुवर्षे जागच्या जागी राहतो. आमच्या मते वादाची मांडणीच चुकीची आहे. पाहुण्यांची केवळ संख्या पाहून भागत नाही. त्यांना आत नेऊन आपण काय दाखवतो व काय सांगतो, यावर वास्तूचे बरेवाईट अधिक अवलंबून असते.

लक्ष्मीविलासचेच पाहा. दरबार हॉलची व्हेनिसच्या कारागिरांनी बसविलेली मोझेक फरशी आणि बेल्जियमहून आणविलेल्या रंगीत काचा पाहून माणूस थक्क होतो. पण थक्क झालेल्या माणसाला सांगितले काय जाते? हा वाडा बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट आहे! चौपट म्हणजे इमारत की आवार, हे सांगणारा सांगत नाही आणि ऐकणारा विचारीत नाही. दुसरी कथा मेजर चार्ल्स मँट या स्थपतीची. आपले गणित चुकले, वाडा कोसळणार, या धास्तीने त्याने जीव दिला म्हणे. मँट १८८१ मध्ये वारला आणि पुढचे काम रॉबर्ट चिझमने तडीस नेले, एवढे खरे. बाकीचे कर्णोपकर्णी चालत आले आहे. गोष्ट रंगतदार असल्याने ती कोणी सोडवत नाही.

याच वाड्याच्या धन्याने १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानाला लागू केला. विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला १९१० मध्ये बोलावून खेडोपाडी फिरती वाचनालये पाठविली. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर ज्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले ती बडोद्याची. आणि १९१७ मध्ये तेच आंबेडकर नोकरीसाठी बडोद्यास परतले तेव्हा त्यांना राहावयास घर मिळाले नाही, हेही बडोद्याचेच. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळ नावाचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसला, तेथून या दिवसापर्यंतची ही हकीकत ऐकलेला पाहुणा भिंतीला हात लावताना थोडा थांबेल. चौपटीचा हिशोब ऐकलेला पाहुणा फक्त छायाचित्राला जागा शोधील.

सांगावयाचे तर ते वास्तूला न दुखावता सांगता येते. फलक भिंतीत खिळे ठोकून लावण्याऐवजी स्वतंत्र उभे करता येतात. राजपुत्रांच्या शाळेसाठी बांधलेल्या ज्या इमारतीत आज फत्तेसिंह संग्रहालय आहे, तेथे पाहुण्याला अर्धा तास आधी बसवून सर्व सांगितले, तर मूळ वाड्यात गर्दी रेंगाळणार नाही. राजा रविवर्म्याची तैलचित्रे याच संग्रहालयात आहेत. तैलचित्रावर साधारण २०० लक्सच्या आत आणि जलरंग वा वस्त्रांवर ५० लक्सच्या आसपास प्रकाश असावा, असा संग्रहालयशास्त्राचा संकेत आहे. मंद उजेडात चित्र दिसत नाही ही तक्रार नेहमीची. ‘उजेड कमी का’ हे दारावर लिहिले तर तक्रार करणाराच रखवालदार होतो. मालकावर ताशेरे झोडणेही आम्हांस मान्य नाही. १९७१ मध्ये तनखे बंद झाल्यावर एवढा पसारा सांभाळण्यास पैसा तिकिटांतून आणि लग्नसमारंभांतूनच येणार. मात्र हिरवळीवरचा मांडव आणि दरबार हॉलमधला मांडव यांत फरक आहे, तो पाळला जावा.

हे सारे गोव्यात बसून लिहिण्याचे कारण जवळचे आहे. जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरीसह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. यादीत नाव आले की बसगाड्या आधी येतात, चुना मागाहून. पावसाळ्यात जांभा पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढविला तर पाणी आतच कोंडते. हे कंत्राटदाराला ठाऊक नसले तर आश्चर्य नाही, पण काम मंजूर करणाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजे. आपल्याकडे रेईश मागूशचा किल्ला नीट दुरुस्त होऊन २०१२ मध्ये खुला झाला. मारियो मिरांडांची चित्रे आणि स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणी तेथे एकाच तटात राहतात. हे जमते याचा तो पुरावा.

आणि शापोरा? २००१ च्या एका हिंदी चित्रपटामुळे तो किल्ला देशभर माहीत झाला. संध्याकाळी तटावर पाय सोडून बसलेल्या तरुणांना त्या चित्रपटातले दृश्य पाठ असते. मराठ्यांच्या आणि सावंतवाडीकर भोसल्यांच्या स्वाऱ्या त्यांच्या गावीही नसतात. त्यांना हाकलून लावावे असे आम्ही म्हणणार नाही. डोंगराची वाट जेथे सुरू होते तेथे, तटाच्या बाहेर, मराठी, कोंकणी, हिंदी आणि इंग्रजीत मजकूर असलेले एक लहान दालन उभारावे. ढासळत्या बुरुजाकडची वाट दोरीने बंद करावी. आणि दोन जाणकार माणसे पगारी नेमावीत. पुरातत्त्व खात्याने पुढच्या हंगामाआधी एवढे केले तरी पुष्कळ होईल, आणि त्याचा खर्च एका महोत्सवाच्या मांडवापेक्षा जास्त येणार नाही, असा आमचा अंदाज आहे.