छाटणी पथकाची यादी उलटी करा: चेनसॉ शेवटी, दोर-हेल्मेट आधी



आजचा मेसेज फवारणीचा किंवा हवामानाचा नाही. थोडा लांब आहे, सवडीने वाचा, आणि घरातल्या तरुण मुलांनाही वाचायला द्या.

मागच्या बैठकीत विषय निघाला होता की आपल्याच सभासदांची पाच-सहा मुलं मिळून जुन्या कलमांच्या छाटणीचं पथक काढतायत, आणि अवजारांसाठी कंपनीने त्यांना आगाऊ रक्कम द्यावी. कल्पना चांगली आहे. चाळीस-पन्नास वर्षांची हापूसची कलमं एकमेकांत घुसलीत, आत ऊन पोचत नाही, मोहोर येतो तो शेंड्याला. तिथवर फवारणीचा पाइप जात नाही आणि झेला घेऊन चढणारा गडी मिळत नाही. काम भरपूर आहे, आणि ते करणारं कोणी नाही हे आपण सगळेच जाणतो.

पण मुलांनी केलेली यादी मी बघितली. पहिल्या नंबरवर ५८ सीसीची, २२ इंची पट्टीची चेनसॉ, ऑनलाइन सहा-सात हजारांना मिळणारी. सगळ्यात खाली हेल्मेट, आणि त्यापुढे कंसात ‘पैसे उरले तर’. माझं मत स्पष्ट आहे. ही यादी खालून वर वाचायची. तशी ती होत असेल तरच कंपनीने पैसे द्यावेत.

आधी मशीनबद्दल बोलतो, कारण सगळ्यांचा जीव तिथेच अडकलाय. सीसी बघून भुलू नका. छाटणीत आपण कापतो त्या बहुतेक फांद्या मनगटापासून मांडीएवढ्या जाडीच्या. त्याला ३० ते ३५ सीसीचं मशीन आणि १४ किंवा १६ इंची पट्टी पुरते. खोडासारखा जाड भाग आलाच तर दोन्ही बाजूंनी कापता येतो. मोठ्या मशीनचं वजन दुपारनंतर हातांना कळतं, आणि थकलेल्या हातातली चेनसॉ म्हणजे काय ते सांगायला नको. शिवाय स्वस्तातल्या मशीनचा पार्ट ऐन हंगामात तालुक्याला मिळत नाही. स्टिल, हुस्क्वार्ना किंवा दुसरी कुठलीही कंपनी घ्या, माझा कोणासाठी आग्रह नाही. दुकानदाराला एवढंच विचारा: चेन, स्पार्क प्लग, एअर फिल्टर, कार्ब्युरेटरचा किट आज शेल्फवर आहे का? ‘मागवून देतो’ म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

एका मोठ्या मशीनऐवजी दोन लहान घ्या. कापताना फांदी बसून पट्टी अडकते, हे होतंच. तेव्हा सोडवायला दुसरं मशीन लागतं, नाहीतर कोयती घेऊन अर्धा तास झटापट.

आता ते चालवण्याबद्दल. मशीनबरोबर आलेलं पुस्तक बघा. चांगलं टू-टी ऑइल असेल तर प्रमाण सहसा ५० ला १ असतं, म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिली. अंदाजाने झाकणभर ओतायचं नाही, मापाची बाटली ठेवा. मिश्रण त्या आठवड्यापुरतंच करा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर विचारूच नका. टाकीत पेट्रोल ठेवून मशीन जूनमध्ये माळ्यावर टाकलं की ऑक्टोबरात दोरी ओढून खांदा दुखतो. हंगाम संपला की टाकी रिकामी करा, मग मशीन बंद पडेपर्यंत चालवा, मगच ठेवा. मिश्रण पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नका. घरात मुलं असतात.

पट्टीच्या ऑइलकडे कोणाचं लक्ष नसतं. सुरू मशीनची पट्टी फिकट दगडासमोर किंवा पुठ्ठ्यासमोर न टेकवता धरा. ऑइलची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर ऑइलचं भोक बुजलंय, भुसा काढा. गाडीचं काढलेलं काळं ऑइल त्यात ओतायची पद्धत बंद करा. त्यात धातूचा चुरा असतो, पंप खातो, आणि ते सगळं अंगावर उडतं.

धार म्हणजे सगळं. चेन धारदार असेल तर लाकडाच्या सालप्या पडतात, बोथट असेल तर पीठ पडतं. पीठ पडायला लागलं की थांबायचं. माणूस तिथेच मशीनवर जोर देतो आणि तिथेच घात होतो. तीन-आठ लो प्रोफाइल चेनला ४ मिलीची गोल कानस, पॉइंट ३२५ ला ४.८ मिलीची. दर वेळी टाकी भरताना प्रत्येक दाताला दोन-तीन हात, एकाच दिशेने, दोन्ही बाजूंना सारखे. एका बाजूला जास्त घासलं तर मशीन वाकडं कापतं, मग मुलं मशीनला नावं ठेवतात. पथकातल्या एकाने तरी कानस मारणं नीट शिकून घ्यावं. दोन-तीन चेन सोबत असाव्यात, कारण दगडाला किंवा खोडात जुन्या खिळ्याला एकदा लागली की दिवसभराची धार गेली.

मशीन जमिनीवर ठेवून, चेन ब्रेक लावून सुरू करायचं. हातात लटकवून झटका मारत सुरू करतात ते व्हिडिओत बघायला बरं. आणि पट्टीचं टोक, विशेषतः वरचा कोपरा, कशालाही टेकता कामा नये. टेकलं की मशीन उलटं चेहऱ्याकडे येतं, आणि ते इतकं पटकन होतं की हात आवरता येत नाही.

आता मूळ मुद्दा. *शिकल्याशिवाय चेनसॉ घेऊन झाडावर कोणीही चढायचं नाही.* शिडीवरूनही नाही, एका हाताने तर नाहीच. आपल्याकडे गडी अनवाणी, कमरेला कोयती लावून सरसर चढतो, आणि आपण कौतुक करतो. पण कोयती हातातून निसटली तर खाली पडते. चालू चेनसॉ निसटली तर आधी मांडीवर येते, नाहीतर ज्या दोरावर माणूस उभा आहे त्यावर. म्हणून झाडावर मशीन वापरणारा शिकलेला माणूस दोन ठिकाणी बांधलेला असतो, आणि त्यातला एक दोर आत स्टीलची तार असलेला असतो. बाजारात गाठोडी बांधायला मिळणारा नायलॉनचा दोर यासाठी चालत नाही. चढाईचा दोर आणि पूर्ण अंगाचा हार्नेस वेगळे येतात, महाग येतात, आणि त्यावर घासाघीस करायची नाही.

मग शिकेपर्यंत काम कसं करायचं? आतली गर्दी काढून कलमात ऊन सोडायचं असेल तर दोन-चार इंची फांद्याच जास्त असतात. त्या ओढून कापायच्या वाकड्या करवतीने सहज निघतात. जमिनीवरून पोचतील तेवढ्याला लांब दांड्याची करवत. पहिल्या हंगामात पथकाने असंच काम घ्यावं, आणि चेनसॉ जमिनीवर, पडलेल्या फांद्यांसाठी. उत्पन्न थोडं कमी होईल. होऊ दे.

लांब दांड्याच्या करवतीवरून आठवलं. ती बहुतेक ॲल्युमिनियमची असते. कलमाजवळून विजेची तार गेली असेल तर ते झाड पथकाने सोडायचं. महावितरणच्या लाइनमनला सांगून तार बंद करून घेतली तरच हात लावायचा. ‘आपल्याकडे दिवसा लाइट नसतेच’ असं म्हणणारे सभासद आहेत. लाइट कधी येते ते त्यांनाही माहीत नसतं.

हेल्मेट जाळीच्या काचेसकट, कानाला मफ, पायाला चेनसॉची खास पँट. त्या पँटच्या आतले धागे चेनमध्ये गुंततात आणि ती थांबते. जीन्स हे काम करत नाही. उकाडा होतो हे मान्य, म्हणून काम सकाळी लवकर सुरू करून अकराला आटपा. प्रत्येकाचा अपघात विमा आधी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता २० रुपये आहे आणि बँकेतूनच कापला जातो. एवढंही केलं नसेल त्या मुलाला बागेत पाठवायचं नाही. आणि एकट्याने कधीही नाही. खाली एक माणूस फक्त बघायला हवा.

झाडाच्या बाजूनेही दोन शब्द. जाड फांदी एका घावात कापली तर ती साल सोलत खोडापर्यंत जाते. आधी बुंध्यापासून फूटभर लांब खालून एक तृतीयांश, मग थोडं पुढे वरून, वजन गेलं की मग राहिलेला खुंट फांदीच्या फुगवट्याबाहेर साफ कापायचा. फुगवटा कापायचा नाही, जखम तिथूनच भरते. आणि त्याच दिवशी बोर्डो पेस्ट: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. उद्या लावतो म्हणालात तर भिरूड वाट बघत नाही. जोराने छाटलेलं जुनं कलम मरतं ते बहुतेक वेळा भिरूडाने, छाटणीने नाही. म्हणून पथकाच्या दरात पेस्ट धरलेली असावी, आणि नंतर खोडाशी भुसा पडतोय का हे मालकाने दर पंधरा दिवसांनी बघावं. सगळी बाग एका वर्षी छाटू नका. जोरदार छाटणीनंतर दोन-तीन वर्षं त्या झाडावर फळ धरू नका, घर चालवायला बाकीची बाग लागते.

दराबद्दल सभासदांना थोडं कडू बोलतो. समजा सामान १ लाख २० हजारांचं आलं, ते तीन हंगाम टिकलं आणि हंगामात ६० दिवस काम मिळालं. म्हणजे १८० दिवस. दिवसाला ६६७ रुपये फक्त सामानाचे, पेट्रोल-ऑइल-चेन आणि मजुरी वेगळी. आणि आपण म्हणणार, ‘अरे तू घरचाच ना, दोनशे कमी कर.’ ते दोनशे कुठून कमी होतात? पेस्टमधून, विम्यातून, खाली उभ्या राहणाऱ्या माणसातून. दर झाडाच्या घेरावर आणि उंचीवर ठरावा, तासावर नको. तासावर ठरला की एक तर घाई, नाहीतर रेंगाळणं.

कागदाचं एक. आंबा, फणस, साग ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत आहेत. छाटणी आणि तोड यात फरक आहे, पण कोणी ‘पाडूनच टाका’ म्हटलं तर वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी बघितल्याशिवाय पथकाने मशीन सुरू करू नये, मालक कितीही जवळचा असो. जोरदार छाटणीआधी झाडाचे फोटो काढून ठेवा.

पुढच्या बैठकीत हा विषय मतासाठी येतोय. माझा प्रस्ताव असा: पहिला हप्ता सुरक्षेचं सामान, हातकरवती आणि प्रशिक्षण यासाठीच. दोन लहान चेनसॉ दुसऱ्या हप्त्यात, प्रशिक्षण झाल्याचं दाखवल्यावर. ज्यांना हे पटत नाही त्यांनी बैठकीत जरूर बोलावं, मुलांनीही. आणि पाऊस ओसरल्यावर छाटणी करून घ्यायची असेल त्यांनी कलमांची संख्या, अंदाजे वय आणि जवळून विजेची तार जाते की नाही एवढं या नंबरवर कळवा. तारेजवळच्या झाडांची यादी मी आधी करतोय.

– आपला कृषी सल्लागार