हजेरीचा रकाना बदलला की निरोप कोणी पाठवायचा?

शिक्षक मित्रमैत्रिणींनो आणि पालकहो,

हल्ली बरेच शिक्षक हजेरी गूगल शीटमध्ये भरतात. त्यात आता नवी सोय पुढे आली आहे : नावापुढे 'गै' लिहिलं की पालकांना आपोआप निरोप. करायला अवघड नाही. शीटमधल्या 'ॲप्स स्क्रिप्ट'मध्ये एक ट्रिगर लावायचा. ट्रिगर म्हणजे उंदराचा सापळाच समजा. खिट्टी हलली की झाकण पडणार; उंदराने हलवली की वाऱ्याने, हे सापळा विचारत नाही.

म्हणूनच माझं मत असं, की निरोप 'गै'ला जोडूच नये.

परिपाठानंतर आपण हजेरी घेतो, तेव्हा सगळी मुलं वर्गात असतात का हो? कुणी वस्तीवरून चालत येतं, कुणी धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडून येतं. 10:40 ला 'गै' पडतो आणि 10:55 ला पोरगी दारात उभी! रकाना आपण दुरुस्त करतो, पण गेलेला निरोप परत येत नाही. तिकडे आई खुरपं टाकून निघालेली असते, तिचा रोज बुडतो. आणि असं दोन-तीनदा झालं, की ती निरोप बघणंच सोडून देते. मग ज्या दिवशी पोर खरंच घरून निघून शाळेत पोचलेलं नसतं, त्या दिवशी काय? मला भीती वाटते ती याची.

उपाय साधा आहे. शेजारी 'खात्री केली' असा टिकचा रकाना ठेवा. मुलांना विचारून, थोडं थांबून गुरुजींनी किंवा बाईंनी टिक करायची आणि ट्रिगरने फक्त तोच रकाना बघायचा. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. नुसत्या 'ऑनएडिट' नावाच्या साध्या ट्रिगरला ईमेल पाठवता येत नाही. वेगळा ट्रिगर बसवून परवानगी द्यावी लागते. आणि सूत्रामुळे बदललेल्या रकान्यावर तो चालत नाही, माणसाने हाताने केलेला बदलच त्याला कळतो. (हे मला तर बरंच वाटतं!) एसएमएससाठी निराळी सेवा घ्यावी लागते, कारण आपल्या पालकांपैकी ईमेल किती जण उघडतात ते आपल्याला ठाऊक आहेच.

तांदळाचा हिशोब मात्र खुशाल आपोआप होऊ द्या. पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम, 42 हजर म्हणजे 4 किलो 200 ग्रॅम. आकडा चुकला तर दुरुस्त करता येतो, कुणाच्या काळजाचा ठोका चुकत नाही.

पालकहो, तुमच्याकडून एकच हवं. सिमकार्ड बदललं की त्याच आठवड्यात शाळेत नंबर कळवा. शीटमध्ये जुना नंबर असेल तर स्क्रिप्ट बिनबोभाट त्यावरच निरोप धाडते, आणि तुमच्या लेकराची गैरहजेरी भलत्याच माणसाला कळते.