बक्षीस की हक्क?

पडेगावाहून शहराकडे येणाऱ्या वाटसरूस प्रथम छावणी लागते, आणि पुढे पदमपुरा व कर्णपुरा ही नावे भेटतात. कर्णपुरा नवरात्रातील यात्रेमुळे सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु तो बिकानेरच्या राजा कर्णसिंहाचा व पदमपुरा त्याचा पुत्र पद्मसिंह याचा, आणि हे दोघेही मोगल पातशहाचे सरदार, ही गोष्ट किती जणांच्या ध्यानात असते? राज्यकर्ते आपल्या इमानी सेनानायकांस कसे गौरवीत आणि त्या गौरवाचा खर्च कोणाच्या माथी पडे, याचा धडा आपल्या वेशीपाशीच लिहून ठेवलेला आहे.

मोगलांची रीत मनसबीची. सरदाराचा दर्जा ‘जात’ व ‘स्वार’ या दोन आकड्यांनी ठरे आणि रोख पगाराऐवजी बहुधा गावांचा वसूल जहागीर म्हणून नेमून मिळे. ही जहागीर सामान्यतः वंशपरंपरेची नसे. मिर्झाराजे जयसिंहांनी १६६५ साली पुरंदरचा तह घडवून आणताच त्यांची मनसब सात हजारी झाली; पण १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले आणि जयसिंहांचा पुत्र रामसिंह मनसबीस मुकला. कर्णसिंहाची गत याहून वाईट. पातशहाची इतराजी होऊन बिकानेरची गादी पुत्र अनूपसिंहाकडे गेली आणि कर्णसिंह याच शहरात १६६९ मध्ये वारला. जे मर्जीने येते ते मर्जीबरोबरच जाते.

शिवछत्रपतींनी हे दुखणे ओळखले होते. फौजेस रोख वेतन द्यावे, गावे तोडून देऊ नयेत, हा त्यांचा कटाक्ष होता. रणात पडलेल्यांच्या मुलांचे चालवावे आणि पुत्र नसल्यास विधवेस निम्मे वेतन द्यावे, अशी त्यांची तजवीज सभासदाने नमूद केली आहे. पुढे राजाराम महाराजांच्या काळी खजिना रिता व शत्रू दारात, अशा प्रसंगी वतनांची आशा दाखविणे भाग पडले. त्याबद्दल त्यांस दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु पुढे सरंजाम वंशपरंपरेचे झाले आणि सरदार छत्रपतींस जड झाले, हेही खरेच.

निजामशाहीत तर पायगा घराण्यांस निजामाच्या खास फौजेच्या खर्चासाठी मोठमोठे मुलूख मिळाले. फौजेचे महत्त्व सरले तरी मुलूख घराण्यांकडेच राहिले. पराक्रम आजोबाचा, उपभोग नातवाचा, आणि सारा मात्र रयतेचा! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते याहून निराळे काय? पोलीस कारवाईनंतर १९४९ साली हैदराबाद संस्थानातील जहागिऱ्या नष्ट झाल्या, तेव्हा कोठे हा हिशेब मिटला.

आता राजे गेले. राज्यघटनेच्या १८ व्या अनुच्छेदाने लष्करी व विद्याविषयक मान सोडून सर्व किताब बंद केले. १७ डिसेंबर १९८२ रोजी, नाकारा खटल्यात, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड अध्यक्ष असलेल्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट सांगितले की, निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेने मिळविलेला हक्क आहे. आमच्या मते जहागिरीची खरी मूठमाती ही होय.

परंतु कायदा बदलला म्हणून मन बदलतेच असे नाही. वीरपत्नीस व्यासपीठावर बोलावून, हार घालून, तिच्याच हक्काचा कागद आपण दान केल्याच्या ऐटीने हाती द्यावयाचा, हा दरबारी थाट अजून दिसतो. तिने कोणाचे आभार मानावेत? ऋणको राष्ट्र आहे, ती धनको आहे. व्यापारी वाचकांस आम्ही इतकेच विचारतो : मुदत भरलेली हुंडी सकारताना पेढीवाला उपकाराची भाषा बोलेल काय? बोलला तर बाजारात त्याची पत किती उरेल? सैनिकाच्या घराचे देणे वेळेवर, पुरते व निमूटपणे फेडणे यातच राज्याची पत आहे. बाकीचा सारा थाट मोगलांचा!