मैदान, गुरू आणि वर्दी

पोलीस भरतीची चाहूल लागली की नागपूरची मैदाने पहाटेच जागी होतात. रेशीमबाग असो की मानकापूरचे क्रीडा संकुल, झुंजुमुंजू होण्याआधीच धावणाऱ्या पावलांचा आवाज येऊ लागतो. कोणी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत फेऱ्या मोजतो, कोणी उसना आणलेला गोळा फेकून अंतर पावलांनी मोजतो. या भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण आहेत. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर आणि दोघांनाही शंभर मीटर धावणे व गोळाफेक. यांत निम्मे गुण मिळाल्याशिवाय लेखी परीक्षेचे दार उघडत नाही. वर्दीची वाट आजही मैदानातूनच जाते, हे समाधानाचेच आहे. परंतु या तरुणांपैकी कितीजणांना शाळेत असताना कोणी धावायला शिकवले होते? विसाव्या वर्षी, भरतीच्या तीन महिने आधी जे घाईघाईने कमवावे लागते, ते बाराव्या वर्षी सहज अंगी बाणले असते. तेव्हा मैदानावर गुरू का नव्हता, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना महाराष्ट्राला फार दूर जावे लागत नाही. खाशाबा जाधव यांचे चरित्र समोर आहे. १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावी जन्मलेल्या खाशाबांचा पहिला आखाडा घरचाच होता. वडील दादासाहेब स्वतः पहिलवान. पुढे कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण आणि कुस्ती यांची जोडी जमली. बेचाळीसच्या आंदोलनात भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्यातही या विद्यार्थ्याचा हात होता. शरीर कमवायचे ते कशासाठी, याचा धडा त्या वयातच गिरवला गेला.

कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातला प्रसंग प्रत्येक शिक्षकाने ध्यानी घ्यावा असा आहे. वार्षिक क्रीडास्पर्धेत नाव नोंदवायला गेलेल्या खाशाबांची लहानखुरी चण पाहून त्यांना आधी परत पाठवण्यात आले, असे सांगितले जाते. प्राचार्य खर्डेकरांनी मात्र त्यांना उतरण्याची परवानगी दिली आणि त्या पोराने आपल्याहून थोराड मल्लांना आस्मान दाखवले. एका नजरेला केवळ अंगकाठी दिसली, दुसरीला आतली जिद्द दिसली. शिक्षणक्षेत्रात गुरुत्व म्हणतात ते या दुसऱ्या नजरेला.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला खाशाबा गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने. लाल मातीत वाढलेला हा मल्ल गादीवरच्या कुस्तीत आणि अपरिचित नियमांत सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. तेथे रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाने त्यांना तयार केले. ज्ञान देणारा परदेशी असला तरी ते विनम्रपणे घ्यावे, ही वृत्तीही आखाड्यानेच दिलेली.

चार वर्षांनी हेलसिंकीला जायचे तर पैसा नव्हता. सरकारदरबारी पुरेशी दाद लागेना. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनीही आपापल्या परीने झोळी भरली. विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी राहते घर गहाण टाकणारा प्राचार्य आजच्या हिशेबी जगात वेडा ठरेल. पण अशाच वेडावर राष्ट्राची उभारणी होत असते.

हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एक दीर्घ लढत आटोपताच, नियमाने मिळायची ती विश्रांती न घेता त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले आणि त्यांची बाजू मांडायला भारताचा एकही अधिकारी तेथे नव्हता, ही हकिकत सर्वपरिचित आहे. खेळाडू मैदानावर एकटा दिसतो. पण त्याच्यामागे कोणी उभे नसले म्हणजे काय गमवावे लागते, हे त्या दिवशी दिसले. खाशाबा परतले तेव्हा १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपली आणि या मल्लाने पहिले काम कोणते केले? कुस्त्यांचे फड लावले आणि त्या पैशांतून गुरूचे घर सोडवले. लोकांनी दिलेल्या पैशाची परतफेड करण्याची ही बुद्धी ज्याच्या ठायी आहे, त्याच्या हाती सार्वजनिक अधिकार निर्धास्तपणे सोपवावा.

तो अधिकार त्यांना १९५५ मध्ये मिळाला. पोलीस उपनिरीक्षक म्हणून ते सेवेत दाखल झाले, खात्याच्या स्पर्धा गाजवल्या, क्रीडा प्रशिक्षणाची जबाबदारी सांभाळली आणि सुमारे सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. मात्र निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघाती निधन झाल्यानंतर कितीतरी वर्षांनी अर्जुन पुरस्कार मिळाला. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिन आता राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो, हे योग्यच. परंतु शिक्षकाने घर गहाण टाकले आणि शासनाला जाग यायला तप उलटले, या विरोधाभासातून काही बोध घेतला नाही तर तो दिन केवळ हारतुऱ्यांचा ठरेल.

मैदानातून सेवेत येण्याची ही वाट आजही बंद झालेली नाही. माण तालुक्यातील मोही या दुष्काळी गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि पुढे महसूल प्रशासनात अधिकारी झाली. नागपुरात हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली मुले पाहिली आणि त्यांच्या हाती फुटबॉल दिला. वाया जात असलेल्या पोरांत खेळाडू दिसणे, ही तीच खर्डेकरांची नजर. अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तर असे शिक्षक घडवण्याचेच व्रत घेतले. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. विदर्भाला ही परंपरा नवी नाही.

आणि तरीही चित्र विपरीत आहे. शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षणाची तरतूद झाली, हेतू उदात्त होता. पण त्याच तरतुदीच्या आडून खोटी क्रीडा प्रमाणपत्रे मिळवून नोकऱ्या बळकावल्याची प्रकरणे राज्यात उघडकीस आली. त्यांचे धागेदोरे नागपूरपर्यंतही पोहोचले. मैदानाचा घाम न गाळता मैदानाचा मान चोरणारा उद्या खुर्चीवर बसून काय करील, हे सांगायला ज्योतिषी नको. जेथे गुरू नसतो तेथे दलाल येतो, हा या प्रकरणाचा खरा धडा आहे.

दोष केवळ दलालांचा नाही. कित्येक शाळांत क्रीडाशिक्षक नाही. जेथे आहे तेथे दहावीच्या वर्गाचा खेळाचा तास गणिताला दिला जातो आणि पालक त्यावर समाधान मानतात. शाळेच्या वाढत्या इमारतीत पहिला बळी पटांगणाचा जातो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यास आणि खेळ यांमधील भिंत पाडली; पण कागदावरची भिंत पडली तरी मनातली शाबूत आहे. हरल्यावर प्रतिस्पर्ध्याचा हात हाती घेणे, पंचाचा निर्णय मुकाट्याने मानणे, थकल्यावरही शेवटची फेरी पूर्ण करणे, हे कोणत्याही शिकवणीवर्गात शिकवले जात नाही. उद्याच्या ठाणेदाराला आणि तहसीलदाराला नेमके हेच लागणार आहे.

शासनाने क्रीडाशिक्षकांच्या रिक्त जागा भराव्यात, प्रमाणपत्रांची पडताळणी कठोर करावी, हे तर झालेच पाहिजे. परंतु समाजाचेही काही देणे आहे. प्रत्येक वस्तीत एखादा निवृत्त जवान, जुना खेळाडू वा शिक्षक असतो. त्याने सायंकाळी एक तास मैदानावर उभे राहावे आणि पालकांनी आपला मुलगा व मुलगी तेथे पाठवावी. घर गहाण टाकण्याची वेळ प्रत्येकावर येत नाही. सायंकाळचा एक तास मात्र प्रत्येकापाशी असतो. तेवढा दिला, तर पहाटेच्या अंधारात एकट्याने धावणाऱ्या पोरांना आपल्यामागे कोणीतरी उभे असल्याचा भरवसा येईल.