खारभूमीचे शहाणपण

दहिसरचा नाका ओलांडून पेणकरपाड्यात शिरणाऱ्या आजच्या प्रवाशास, खाडीलगतचा हा मुलूख एके काळी खाजणांचा, मिठागरांचा आणि भातखाचरांचा होता, हे कोणी सांगितल्यावाचून कळावयाचे नाही. 1870 साली इंग्रज सरकारने मिरे, भाईंदर व घोडबंदर येथील जमिनी 999 वर्षांच्या पट्ट्याने दिल्या. परंतु कागदोपत्री धनी कोणीही असो, समुद्राशी नित्याचा व्यवहार कुळांनाच करावा लागे.

तो त्यांनी ज्या प्रज्ञेने केला, तिची यथोचित दखल आपल्या कृषिनीतीने घेतलेली नाही. गोड्या जमिनीत राब भाजून रोपे करावीत व मग आवणी करावी, ही उत्तर कोकणची रूढ रीत. खाऱ्या जमिनीत मात्र आगरी शेतकरी पहिल्या पावसाने मातीतील क्षार धुऊन निघेपर्यंत धीर धरी आणि मग मोड आणलेले बी, म्हणजे रहू, चिखलात फेकून मोकळा होई. हे मोकळे होणे अर्थात नावापुरतेच. कारण खेकड्याने बांधाला पाडलेले एखादे भोक वेळीच बुजविले नाही, तर उधाणाचे पाणी वर्षाचे अन्न नासवून जाई. म्हणून बांधाची राखण गावकीची असे. शिवाय उदरनिर्वाह एकाच पिकावर टांगलेला नसे: भात बुडाले तर खाडीतली मासळी, तीही न लाभली तर मिठागरावरची मजुरी.

पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सोसणारे भाताचे वाण दिले, हे ऋण मान्यच केले पाहिजे. पण बांध फुटलेल्या शेतात कोणतेही वाण कितीसे तग धरणार? 1948 च्या आणि पुढे 1979 च्या कायद्याने खारजमिनींच्या रक्षणात सरकारने हात घातला, हे योग्यच झाले; मात्र दप्तर जसजसे वाढले, तसतसा गावकीचा अधिकार आक्रसला, असे मला वाटते. शेतकऱ्याच्या कल्पकतेचे गोडवे गाणे सोपे आहे, आणि त्यात खर्चही नाही! पेणकरपाड्याची खाचरे आता परत यावयाची नाहीत. परंतु रायगड आणि पालघर जिल्ह्यांत जिथे खारजमिनीत अद्याप भात पिकते, तिथे बांध व उघाड्यांच्या, म्हणजे बांधातील पाण्याच्या झडपांच्या, दुरुस्तीची रक्कम मृगाच्या पुरेशी आधी मंजूर व्हावी, आणि कामाची मुखत्यारी व जमाखर्च त्या बांधाआडच्या खातेदारांच्या हाती असावा.